चिंचेच्या पाण्यातलं काडतूस

परदेशात आपली ओळख कशावरून होईल ते आपल्या हातात नसतं. जपानी भाषेच्या सगळ्यात वरच्या परीक्षेचं प्रमाणपत्र माझ्याकडे आहे. यंत्रांच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं करून मी बरी कमाई करते. घरात पुस्तकांची तीन कपाटं आहेत आणि त्यांतली बरीचशी मी वाचलेलीही आहेत. पण इचिकावातल्या आमच्या इमारतीत मला ओळखतात ते चिंचेमुळे. जिन्यात भेटलेली बाई हवापाण्याचं बोलून झालं की आवाज खाली आणते आणि विचारते, "तुमच्याकडे ते तपकिरी, आंबट असतं ना, ते अजून मिळतं का?"

याची सुरुवात खालच्या आजींनी केली. त्यांना मी रीतीप्रमाणे आडनावापुढे सान लावून हाक मारते, पण इथे आडनाव लिहिणं बरं नाही, म्हणून खालच्या आजी. वय ऐंशीच्या पुढे, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, उंची माझ्या खांद्याइतकी आणि नजर अशी की बाल्कनीत वाळत घातलेल्या पायपुसण्यावरूनही घरात काय चाललंय ते ओळखतील. एका दिवाळीत मी समया आणि निरांजनं घासून बाल्कनीत उन्हाला ठेवली होती. आजी दुसऱ्या दिवशी वर आल्या. कशाने घासता, किती वेळ ठेवता, हात खराब होत नाहीत का, असं सगळं त्यांनी चौकशी आयोगासारखं विचारून घेतलं आणि आठवडाभराने आपल्या देव्हाऱ्यातली पितळी उपकरणं एका डब्यात घालून माझ्याकडे पाठवली.

त्या देव्हाऱ्याला इथे बुत्सुदान म्हणतात. देवांपेक्षा त्यात घरातले गेलेले लोकच जास्त असतात. मेणबत्तीचा उभा खांब, उदबत्तीचं भांडं, फुलदाणी, असा त्याचा पितळी संसार असतो. आजींचा संसार जुना आणि मुलामा नसलेला होता, त्यामुळे चिंचेला अगदी योग्य. तेव्हापासून दर वर्षी ऑगस्टमध्ये, पितरांच्या सणाआधी, बगळ्याचं चित्र असलेला तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा वर येऊ लागला.

डबा वर येणं सोपं होतं. प्रश्न परत पाठवण्याचा होता. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही माझ्या आईची शिकवण. बाकीच्या बहुतेक शिकवणी मी सोडल्या, ही राहिली. म्हणून मी घासलेल्या पितळेबरोबर बेसनाचे लाडू घातले. जपानी रीतीप्रमाणे मिळालेल्या वस्तूची परतफेड करावीच लागते. म्हणून आजींनी डब्यातून लोणच्याचे मुळे पाठवले. मी चिवडा पाठवला. त्यांनी खारवलेले आलुबुखार पाठवले. आपापल्या देशात दोन्ही नियम निरुपद्रवी आहेत. एकाच जिन्यात समोरासमोर आले की मात्र दोन्ही पक्ष खाऊन खाऊन थकेपर्यंत कोणालाच थांबता येत नाही. आमचा तो डबा गेली कित्येक वर्षं जिन्यातून वरखाली फिरतो आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये मात्र त्याच्या येण्याला वेगळं कारण होतं. आजी घर सोडणार होत्या. गुडघे जिने चढू देईनात, म्हणून योकोहामाला मुलीच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात त्यांनी खोली घेतली होती. खोलीत एक पलंग, एक कपाट आणि भिंतीवर हातभर लांबीची एक फळी. बुत्सुदान तिथे मावणार नव्हता. "फळीवर मावेल तेवढंच नेणार," त्या म्हणाल्या होत्या. "ऐंशी वर्षांचं घर एका फळीवर बसवायचं म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या ऑफिसातल्या लोकांनाही जमणार नाही."

त्या दिवशी डबा उघडला. खांब, भांडं, फुलदाणी ही ओळखीची मंडळी होती आणि तळाशी रुमालात गुंडाळलेली एक नवी वस्तू. बोटाच्या दोन पेरांएवढी, काळी-हिरवी, खाली सपाट, वर गोल. मला वाटलं एखाद्या झाकणाची मूठ असेल. हिगाशी-कसाईच्या भारतीय दुकानातून आणलेली चिंच कोमट पाण्यात कोळली, मीठ घातलं आणि सगळी मंडळी स्टीलच्या पातेल्यात सोडली.

माझा नवरा त्या दिवशी घरून काम करत होता. मीटिंग चालू असतानाच, कानाला हेडफोन लावलेला, तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात आला आणि पातेल्यात डोकावला. मग त्याने हेडफोनचा आवाज बंद केला. गेल्या वीस वर्षांत मीटिंगमध्ये त्याने आवाज बंद केलेला मी भूकंपाखेरीज पाहिलेला नाही.

"अगं, यात काय घातलंयस?"

"चिंच, मीठ आणि खालच्या आजींचा देव्हारा."

"ते छोटं काय आहे?"

"झाकणाची मूठ असेल."

"काडतूस आहे ते! बंदुकीचं काडतूस आहे!"

मी पातेल्यात पाहिलं. आता सांगितल्यावर तसं दिसत होतं खरं.

"जिवंत आहे का?" त्याने विचारलं.

"भिजतंय."

"चेष्टा नको. काढ ते बाहेर. नाही, थांब, हलवू नकोस. किंवा काढ." त्याने चिमटा हातात घेतला, पुन्हा ठेवला. "आपला कायमच्या वास्तव्याचा अर्ज तिकडे पडलाय. कधी काही गुन्हा केलाय का, असं त्यात विचारलं होतं. मी 'नाही' लिहिलंय."

"बरोबरच लिहिलंयस."

"तेव्हा बरोबर होतं!"

हेडफोनमधून कोणीतरी त्याच्या नावाला सान लावून हाका मारत होतं. त्याने आवाज चालू करून, घरगुती अडचण आहे, एक मिनिट, असं नम्रपणे सांगितलं. जपानी ऑफिसात घरगुती अडचण म्हणजे काय, असं कोणी विचारत नाही. एरवी या संकोचाला मी नावं ठेवते. त्या दिवशी ठेवली नाहीत.

मीटिंग संपवून तो मोजपट्टी आणि मोबाइल घेऊन आला. इंजिनियर घाबरला की माहिती काढतो. काडतूस मी तोवर काढून ओट्यावर एका बशीत ठेवलं होतं आणि तो त्यापासून दोन हात अंतरावरून वाचून दाखवत होता. जपानी लष्कराचं सव्वीस नंबरचं रिव्हॉल्व्हर. मेजी सम्राटाच्या राजवटीच्या सव्विसाव्या वर्षी स्वीकारलं गेलं, म्हणून नाव सव्वीस. मुळात घोडदळाच्या हवालदारांसाठी. काडतूस नऊ मिलिमीटरचं, आणि ते या पिस्तुलाखेरीज जगातल्या दुसऱ्या कुठल्याही पिस्तुलात बसत नाही.

"म्हणजे चार्जरसारखं," मी म्हटलं.

"ऐक पुढे. घोडा मागे ओढून ठेवायची सोय नाही. दर वेळी सगळा जोर ट्रिगरलाच लावायचा, त्यामुळे नेम बिघडायचा. आणि ट्रिगर दाबेपर्यंत त्याचं चक्र मोकळं फिरायचं. म्हणजे कशाला घासलं की भरलेला कप्पा सोडून उडवून झालेलाच पुन्हा समोर यायचा."

हे ऐकून मला त्या पिस्तुलाबद्दल जरा माया वाटली. सम्राटाच्या नावाने सुरू झालेलं, समारंभाने स्वीकारलेलं, आणि ऐन वेळी रिकामा कप्पा पुढे करणारं. अशा बऱ्याच संस्थांमध्ये मी काम केलं आहे.

नवऱ्याचं म्हणणं होतं की ते आहे तसं, ताबडतोब, खाली द्यावं. पण अर्धवट घासलेलं पितळ परत देणं मला जमत नाही. माझ्यात धर्म म्हणावं असं काही शिल्लक असेल तर ते एवढंच. तो दाराच्या चौकटीत उभा राहिला, जणू चौकटीला काही होणार नव्हतं, आणि मी चिंचेचा चोथा अंगठ्याने लावून ते सावकाश चोळलं, धुतलं, पुसलं, उजेडात धरलं.

ते सबंध पिवळं होतं. खालचं नळकांडं पिवळं, ते साहजिकच. पण वरचं गोल टोकसुद्धा तितकंच पिवळं, लखलखीत.

"टोक कशाचं असतं?" मी विचारलं.

त्याने वाचलं. "शिशाचं."

शिसं चिंचेत घातलं तर करड्याचं फार तर कमी करडं होईल. ते निरांजनासारखं पिवळं होणार नाही. मी काडतूस उलटं केलं. नवऱ्याने वाचलं होतं की तळाच्या मधोमध एक बारीक गोल टोपी बसवलेली असते, तिच्यावर घोडा आपटला की दारू पेटते. इथे टोपी नव्हती, टोपीची खाचही नव्हती. नुसता गुळगुळीत सपाट तळ.

"म्हणजे खोटं असेल?" तो म्हणाला.

"तसंच दिसतंय."

"टेस्ट केल्याशिवाय मी असलं काही मान्य करत नाही."

"मग कर टेस्ट."

टेस्ट सोडून तो वस्तू सुखरूप परत पोचते की नाही हे बघायला माझ्याबरोबर खाली यायला निघाला. मी डब्यात पितळ मांडलं, वरच्या कागदावर लाडू ठेवले.

खाली आजींच्या बाहेरच्या खोलीत त्यांचे थोरले भाऊ बसले होते. हे गृहस्थ दोन गल्ल्या पलीकडे राहतात, नव्वदीला टेकलेत आणि वस्तीच्या इतिहास मंडळाचे प्रमुख आहेत. मंडळात एकूण किती माणसं आहेत ते मला कधी कळलं नाही, पण प्रमुख आहेत. ऑगस्टच्या त्या उकाड्यात त्यांनी कोट घातला होता, कोटाला मंडळाचा बिल्ला होता, आणि मांडीवर जांभळ्या रेशमाची एक छोटी उशी होती. उशीच्या मध्यभागी बोटाच्या दोन पेरांएवढा खळगा शिवलेला.

आजींनी ओळख करून दिली, चहा ओतला आणि थोरल्यांनी उशीचं प्रयोजन सांगितलं. पुढच्या आठवड्यात वस्तीच्या सभागृहात युद्धाच्या आठवणींचं प्रदर्शन होतं. नगरसेवक येऊन फीत कापणार होते. प्रदर्शनाचा मुख्य ऐवज म्हणजे त्यांच्या वडिलांचं अखेरचं काडतूस. वडील लष्करात होते. पराभवाच्या दिवशी त्यांनी एकच काडतूस स्वतःसाठी राखून ठेवलं. पण मग त्यांनी विचार केला, की देश उभा करायला जिवंत माणसं लागतील. आणि त्यांनी ते काडतूस वापरलं नाही.

काडतूस न वापरलेली माणसं जगात पुष्कळ आहेत, मी स्वतः त्यांतलीच, पण त्यासाठी कोणी उशी शिवलेली पाहिली नव्हती. तसं बोलले नाही. मी फक्त म्हटलं, "असं होय."

"प्रदर्शनानंतर ते सभागृहातच राहील," थोरले म्हणाले. "काचेच्या पेटीत. कायमचं."

आजी चहाच्या कपाकडे बघत म्हणाल्या, "माझ्या फळीवर जागा होती खरं तर."

"फळी!" थोरले म्हणाले. तेवढंच म्हणाले.

आजींनी मान खाली घातली. फळीवर जागा होती, म्हणजे काय मागणं होतं ते त्या खोलीत सगळ्यांना कळलं आणि सगळ्यांनी न कळल्यासारखं केलं. थोरल्या भावाला नाही म्हणायची त्या घरात पद्धत नव्हती. ऐंशी वर्षांत ती पडलेली नव्हती.

मग मी डबा पुढे केला. आजींनी लाडवांचा कागद बाजूला करून रुमाल उलगडला आणि ते काडतूस थोरल्यांसमोर मांडलं. खिडकीतलं ऊन त्यावर पडलं. एखाद्या लग्नातल्या अत्तरदाणीसारखं चमकत होतं.

थोरल्यांच्या चेहऱ्याचा रंग मात्र गेला. "हे कोणी केलं?"

"मी," मी म्हटलं.

"यावर ऐंशी वर्षांचा काळ साचला होता!"

"हो, बराच होता. दोनदा चिंच लावावी लागली."

"ओकुसान," ते म्हणाले. इथे दुसऱ्याच्या बायकोला असं आदराने म्हणतात. त्या क्षणी त्यात आदर कमी होता. "तुम्हाला कल्पना आहे का, तुम्ही काय पुसून टाकलंत?"

आजी मध्ये पडल्या. "दादा, त्यांना काय माहीत? त्या परदेशी आहेत. त्यांच्याकडे पितळ दिसलं की घासतात." आणि माझ्याकडे बघून त्यांनी माफी मागितल्यासारखा लवून नमस्कार केला. नेहमीपेक्षा अंमळ खोल.

नवरा इतका वेळ दाराजवळ उभा होता. तो म्हणाला, "माफ करा, पण हे जिवंत असेल तर परवान्याशिवाय घरात ठेवणं गुन्हा आहे. पोलिसांना कळवायला हवं."

"अर्थातच जिवंत आहे," थोरले ताठ बसत म्हणाले.

"मग दादा, पोलीस ते घेऊन जातील ना?" आजींनी विचारलं.

"तपासून परत देतील. आदराने परत देतील."

"जिवंत असेल तर परत देत नाहीत," नवरा म्हणाला. "जिवंत नसेल तर देतात."

"जिवंत नसेल, असं कसं म्हणता तुम्ही?"

"मी काही म्हणत नाही. मी फक्त..."

"जिवंत आहे!"

असा तो पेच होता. काडतूस खरं असेल तर मोठेपणा राहत होता आणि वस्तू जात होती. खोटं असेल तर वस्तू राहत होती आणि मोठेपणा जात होता. थोरल्यांना दोन्ही हवं होतं, आजींना फक्त वस्तू. टोकाचं पिवळेपण माझ्या जिभेवर आलं होतं, पण घासण्याबद्दल नुकतीच बोलणी खाल्लेल्या बाईने आणखी शहाणपण शिकवू नये म्हणून मी गप्प बसले. शेवटी थोरल्यांनी स्वतःच कोबानला, म्हणजे नाक्यावरच्या पोलीस चौकीला, फोन लावला. वीरपुत्राच्या आवाजात त्यांनी काडतुसाची वर्दी दिली.

आधी दोघं सायकलवरून आले. त्यांनी पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं, आणि फोन केला. मग गाडीतून आणखी दोघं आले. बूट काढून, मोजे सारखे करून, सगळे आजींच्या चटईवर बसले. हातमोजे चढवले. काडतुसाचे सगळ्या बाजूंनी फोटो घेतले, शेजारी मोजपट्टी ठेवून पुन्हा घेतले. पांढऱ्या कापसाने भरलेला एक ट्रे आणला होता. ते दोन पेरांचं पितळ त्यावर निजवताना चार माणसांनी श्वास धरला होता आणि त्यांतल्या प्रमुखाने तर डोळेसुद्धा मिटल्यासारखे केले. इतकी काळजी मी नवजात बालकांच्या वाट्यालाही आलेली पाहिलेली नाही.

"शेवटचं कोणी हाताळलं?" प्रमुखाने विचारलं.

"मी."

"काय केलंत?"

"घासलं."

"कशाने?"

जपानी भाषेच्या सगळ्यात वरच्या परीक्षेत चिंच येत नाही. मी वर जाऊन पाकीट घेऊन आले. प्रमुखाने त्याचा वास घेतला, शेजारच्याला दिला, त्याने घेतला. "खायचं असतं का?" "आमटीत घालतात." हेही त्याने गंभीरपणे टिपून घेतलं. नवऱ्याने भिंतीकडे तोंड केलं होतं. कायमच्या वास्तव्याच्या अर्जाला आता आमटीही जोडली जाणार, असं काहीसं तो मनात म्हणत असावा.

काडतूस गेलं आणि प्रदर्शनाचा दिवस आला. ते तपासून परत आलेलं नव्हतं. पण आमंत्रणं गेली होती, नगरसेवकांची वेळ मिळालेली होती आणि थोरल्यांचं भाषण पाठ झालेलं होतं. मी आणि आजी बरोबरच गेलो. सभागृहाच्या मधोमध काचेची पेटी, तिच्यात जांभळी उशी, उशीत रिकामा खळगा. शेजारी सुंदर अक्षरांत पाटी होती: वडिलांचं अखेरचं काडतूस. खाली छोट्या अक्षरांत: सध्या पोलीस तपासणीत असल्यामुळे प्रत्यक्ष उपस्थित नाही.

लोक त्या पेटीसमोर रांग लावून उभे होते. बाकीच्या टेबलांवर खरोखरच्या वस्तू होत्या. कोणाच्या आईचा शिधापत्रिकेचा बटवा, बॉम्बच्या भीतीने डोक्यावर घ्यायची कापसाची टोपी, अर्धी जळलेली शाळेची पाटी. त्या टोपीसमोर मी एकटीच उभी होते. खळग्यासमोर मात्र माणसं हात जोडत होती. नगरसेवकांनी त्याला कमरेतून वाकून नमस्कार केला. पोलिसांनी नेलंय म्हटल्यावर ते काडतूस अख्ख्या वस्तीत निःसंशय जिवंत झालं होतं. थोरल्यांचं भाषण लांबलं. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातला तो सर्वोत्तम दिवस असावा, आणि त्यासाठी काडतूस तिथे नसणं किती आवश्यक होतं ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

परतताना आजी वाटेत एका बाकावर टेकल्या.

"ओकुसान, तुमच्या चिंचेने शिसं चमकतं का हो?"

"नाही," मी म्हटलं.

"मला तसं वाटलंच." त्यांनी गुडघा चोळला. "माझ्या लहानपणी ते सबंध चमकायचं. टोकसुद्धा. दादा म्हणतो, तुझी आठवण चुकीची आहे, तू चार-पाच वर्षांची होतीस. बाबांचं काम म्हणजे नव्या पोरांना पिस्तूल उघडायचं कसं, भरायचं कसं, मिटायचं कसं, हे शिकवायचं. दिवसभर तेच. ते कुठल्या लढाईवर गेलेच नाहीत. परत आले तेव्हा घरात खेळणं म्हणून काही नव्हतं, तर खिशातून त्यांनी ते काढून मला दिलं. मी त्याला लाल चिंधीचं लाळेरं बांधलं होतं."

रस्त्यांच्या कडेला लहान मुलांचं रक्षण करणारे दगडी जिझो असतात, त्यांना अशी लाल लाळेरी बांधतात. काडतुसाचा आकार डोळ्यांपुढे आणला तर ते जमण्यासारखं होतं. गोल डोकं, गुळगुळीत अंग, खाली सपाट. उभं राहिलं असेल छान.

"मग दादांना सांगितलं नाहीत?"

"वर्गातल्या बाकीच्या मुलांचे वडील मेले होते," त्या म्हणाल्या. "दादाचे जिवंत परत आले. त्या वेळी शाळेत ते सोपं नव्हतं. मग एक दिवस त्याने ती गोष्ट सांगितली. बाबांनी ऐकली, पण ते काही बोलले नाहीत. मग मी कशी बोलू?"

थोरल्यांची मला तेव्हा जराशी दया आली. त्यांचं भाषण अर्ध्या लांबीचं असतं तर जास्त आली असती.

"यंदा ते डब्यात चुकून आलं का?" मी विचारलं.

आजींनी माझ्याकडे पाहिलं. "माझ्या हातून चुकून काही होत नाही. दादा त्याला हात लावू देत नव्हता. पण परदेशी बाईने न कळून घासलं, तर कोणाला काय बोलणार?"

वीस वर्षं या देशात राहून, इथली भाषा शिकून, कचऱ्याचे सगळे वार पाठ करून, मी परदेशी असल्याचा इतका चोख उपयोग पहिल्यांदाच झाला होता. रागवावं असं आधी वाटलं. मग वाटलं, चला, कुठेतरी कामी आलं.

काही दिवसांनी तोच पोलीस प्रमुख तोच ट्रे घेऊन आला. तेच हातमोजे, तोच कापूस. आजींनी मला वरून बोलावून घेतलं होतं. थोरले आधीच कोट घालून, मांडीवर ती उशी घेऊन बसले होते. प्रमुखाने लवून सांगितलं की सरावासाठी बनवलेलं काडतूस आहे. सबंध एकाच पितळी कांबीतून कातून काढलेलं. यात दारू नाही आणि कधीही नव्हती. ठेवायला हरकत नाही.

थोरल्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. ते उठून जातील असं मला वाटलं. पण माणूस इतिहास मंडळाचा प्रमुख उगाच होत नाही.

"म्हणजेच," ते हळूहळू म्हणाले, "वडील प्रशिक्षक होते. असंख्य जवानांचे हात ज्या काडतुसाने घडवले, ते हे. एका परीने हे अधिकच..." त्यांनी योग्य शब्द शोधला. "अधिकच मोलाचं आहे. पाटी बदलावी लागेल. उशी तीच चालेल."

आणि त्यांनी ट्रेकडे हात नेला.

"नाही, दादा," आजी म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण जपानी भाषेत 'नाही' म्हणायच्या शेकडो वळणदार तऱ्हा आहेत, 'कठीण आहे', 'विचार करावा लागेल', 'जरा तसं आहे'. आजींनी त्यांतली एकही वापरली नव्हती. सरळ नाही म्हटलं होतं. पोलीस प्रमुखाने ट्रेवरून नजर वर केली. थोरल्यांचा हात मध्येच राहिला.

"काय नाही?"

"सभागृहात नाही. ते माझं खेळणं आहे. बाबांनी मला दिलं होतं, तुला नाही. तुला आठवत असेल. तू तेव्हा रडला होतास."

थोरले रडले होते हे पोलिसांसमोर निघेल अशी त्यांची कल्पना नव्हती. त्यांनी हात मागे घेतला, कोटाचं वरचं बटण लावलं, उशी उचलून काखेत धरली. दारापर्यंत गेल्यावर थांबून, आमच्याकडे पाठ ठेवूनच ते म्हणाले, "ते लाळेरं आईच्या किमोनोच्या जुन्या ओबीचं, कमरपट्ट्याचं होतं. लाल नव्हतं. शेंदरी होतं."

"लाल होतं," आजी म्हणाल्या.

"शेंदरी," ते म्हणाले आणि गेले.

सप्टेंबरमध्ये आजी योकोहामाला गेल्या. मी एकदा जाऊन आले. फळीवर नवऱ्याचा फोटो, एक बारीक फुलदाणी आणि काडतूस उभं. त्याच्या गळ्यात चिंधी होती, नवीन, लाल आणि शेंदरी यांच्या बरोबर मधल्या रंगाची. थोरले रविवारी येतात म्हणाल्या, आणि रंगावरून वाद घालून जातात. सभागृहातली पेटी तशीच आहे. खळग्यावर आता कोणाची तरी शिट्टी ठेवली आहे. तिच्यासमोर कोणी वाकत नाही.

आमच्या कायमच्या वास्तव्याचा निकाल अजून लागलेला नाही. त्याचा काडतुसाशी काही संबंध नाही, असं मी नवऱ्याला सांगते. कार्यालयं काडतुसाशिवायही तितकाच वेळ घेऊ शकतात. तो आमटी खाताना मधूनच थांबतो, एवढंच.

दिवाळीच्या आधी बगळ्याचा डबा कुरिअरने आला. आत खारवलेले आलुबुखार, आणि रुमालात काडतूस. समुद्राच्या हवेने ते पुन्हा मंद पडलं होतं. मी चिंच कोळली. नवऱ्याने पातेल्यात पाहिलं आणि तो पाणी पिऊन गेला. दुसऱ्या दिवशी डबा बांधून कोपऱ्यावरच्या दुकानात कुरिअरला द्यायला नेला. अर्थातच रिकामा नव्हता.

काउंटरवरच्या मुलीने तो तोलला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "आत काय आहे?"

"बेसनाची मिठाई," मी म्हटलं. "आणि एक खेळणं."

"नाजूक आहे का?"

मी जरा विचार केला. मिठाई नाजूक होती. तसं सांगितलं.